नवव्या महिन्याची खूण

सरिबेद गाव आणि त्याच्या वर डोंगराला चिकटलेले दोन पाडे, यांत मिळून दोन वर्षांखालची सत्त्याऐंशी मुलं होती. सबोहतला ती सगळी नावानं ठाऊक होती, आणि बहुतेकांची वजनंही तोंडपाठ होती. गावच्या दवाखान्यात ती एकवीस वर्षं हमशीरा होती. ताजिक बोलीत हमशीरा म्हणजे नर्स आणि हमशीरा म्हणजे बहीणही, त्यामुळे तिला कुणाच्या घरात शिरताना दार वाजवावं लागत नसे. खांद्यावर टांगायचा वजनाचा काटा, बाळाला त्यात बसवायची कापडी झोळी, उंची मोजायची लाकडी फळी, आणि पिशवीच्या तळाशी एक स्टीलचा पेला आणि चमचा. हा पेला-चमचा चहासाठी नव्हता. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं, समोरून कुणीतरी खेळणं दाखवायचं, आणि सबोहतनं मागे उभं राहून चमचा पेल्यावर हलकेच वाजवायचा. बाळानं मान वळवली की कार्डावर खूण करायची.

प्रत्येक मुलाचं एक कार्ड असे. कितव्या महिन्यात हसतं, कितव्यात मान धरतं, केव्हा बसतं, केव्हा उभं राहतं, सगळ्यांच्या चौकटी त्यावर छापलेल्या. एक कार्ड आईजवळ, त्याचीच नक्कल दवाखान्याच्या वहीत. तालुक्याची मोठी डॉक्टरीण दर बैठकीत सबोहतची वही उचलून इतर नर्सांना दाखवायची. "हिला म्हणतात काम. एक चौकट रिकामी नाही."

ते खरंच होतं. एक चौकट रिकामी नव्हती.

परवोना नऊ महिन्यांची झाली तेव्हा नोव्हेंबर होता, आणि त्याच दिवशी दुपारी सबोहतच्या लेकीची, दिलराबोची, रोटी मोडायची होती. मुलाकडची माणसं यायची, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी मिळून रोटी मोडायची, की लग्न पक्कं. घरी तिच्या जावा भाताच्या कढईपाशी तिची वाट पाहत होत्या. पण महिन्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि यादीत चार बाळं उरली होती. सबोहतनं ठरवलं, पटापट उरकू. चौथं घर कुमरी बीबीचं.

बीबी ओसरीवर अक्रोड फोडत बसली होती. आत पाळण्यात परवोना झोपली होती. तिथल्या रीतीप्रमाणे हातपाय रुंद पट्ट्यांनी बांधलेले, वरून जाड मखमली कापड ओढलेलं.

"उठवू नकोस गं बाई," बीबी म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय. सून तंदूरपाशी आहे, रोट्या निघेपर्यंत झोपू दे तिला."

"बीबी, नववा महिना आहे. वजन घ्यायचं, बसवून बघायचं."

"काय बघायचंय? बसते, रांगते, माझे अक्रोड पळवते. माझा फैजअली या वयात मातीचा गोळा होता, ही बघ कशी आहे! आणि शांत किती! काल शेजारी दिवसभर लाकडं फोडत होते, कुऱ्हाडीवर कुऱ्हाड, कुऱ्हाडीवर कुऱ्हाड. माझं डोकं उठलं. हिनं पापणीसुद्धा हलवली नाही. तोफ डागली तरी उठायची नाही माझी राणी."

सबोहत हसली. "मग अशी एक मलाही द्या, बीबी. माझी दिलराबो मांजर चाललं तरी किंचाळून उठायची. तीन वर्षं मी धड झोपले नाही."

"आज तिची रोटी मोडताय ना? मग आता झोप निवांत."

दोघी हसल्या. सबोहतनं पाळण्यावरचं कापड जरा बाजूला करून पाहिलं. गाल भरलेले, रंग चांगला, श्वास सावकाश. मागच्या महिन्याच्या वजनात तिनं पाव किलो मिळवलं आणि लिहिलं. मग ओसरीच्या खांबाला कार्ड टेकवून तीन खुणा केल्या. आधाराशिवाय बसते. वस्तू या हातातून त्या हातात घेते. मागून आवाज झाला तर मान वळवते. पेला आणि चमचा पिशवीतच राहिले. तेवढ्यात मेहरंगेज, परवोनाची आई, गरम रोटी घेऊन आली. एकवीस वर्षांची पोर, चेहऱ्यावर तंदूरची धग, भुवयांना पीठ लागलेलं.

"अपा, चहा तरी घ्या." गावातल्या सगळ्या सुना तिला अपा, म्हणजे ताई, म्हणत.

"आज नाही गं, पुढच्या वेळी दोन पियाले घेईन," सबोहत म्हणाली आणि रोटीचा तुकडा मोडून तोंडात टाकत निघालीसुद्धा. दिलराबोची रोटी वेळेवर मोडली. पाहुणे खुश होऊन गेले.

या गोष्टीचा तिला पुढे कधी त्रास झाला नाही. आठवलीच नाही, तर त्रास कसला? परवोना अकराव्या महिन्यात चालू लागली, सगळ्या गल्लीतल्या पोरांच्या आधी. सबोहत इतर बायांना तिचं उदाहरण द्यायची. "कुमरी बीबीची नात बघा. उगाच नाही, तिची आई वेळेवर भरवते." मुलीचे डोळे असे की खोलीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. अशा मुलीत खोट असेल असं कुणाच्या मनात येणार?

आईच्या मनात आलं. परवोना चौदा महिन्यांची असताना मेहरंगेज पाटाच्या पाण्यात कपडे धूत होती आणि सबोहत वरच्या पाड्याकडे निघाली होती. मेहरंगेज ओल्या हातांनी उठून तिच्याजवळ आली.

"अपा, एक विचारू? मी हाक मारते तर ती बघत नाही."

"खेळात असेल."

"खेळात नसली तरी. समोर गेले की हसते, धावत येते. पाठमोरी असली की... जशी काही मी नाहीच."

"अगं, बाप रशियात असलेली पोरं अशीच असतात," सबोहत हसून म्हणाली. "घरात बोलणारं कोण? तू आणि बीबी. आणि बीबी बोलायला लागली की तू गप्प! माझा भाचा तीन वर्षांचा होईपर्यंत 'अं' नि 'ऊं' करत होता, आता वकिली शिकतोय. फैजअली येऊ दे, बघ कशी पोपटासारखी बोलेल."

मेहरंगेजही हसली. तिला हसायचंच होतं, कुणीतरी धीर द्यायला हवा होता. दोन वर्षांच्या तपासणीला 'दोन शब्द जोडून बोलते' या चौकटीत सबोहतनं बारीक अक्षरात लिहिलं, 'वडील परगावी, उशिरा बोलेल'. चौकट रिकामी ठेवायची तिची रीतच नव्हती.

त्यानंतर पाच महिन्यांनी, जुलैत, जर्दाळूंचा हंगाम आला. सगळ्या गावाच्या धाब्यांवर केशरी सडा पडला होता. बाया रांगेत बसून जर्दाळू फोडत, बिया एकीकडे, गर दुसरीकडे. सबोहत जीवनसत्त्वाचे थेंब वाटत फिरत होती. मुलं तिथंच सापडायची म्हणून ती कुमरी बीबीच्या धाब्यावर चढली. परवोना एका कोपऱ्यात जर्दाळूच्या बिया ओळीनं मांडत बसली होती.

खाली नदीच्या कडेनं नवा रस्ता होत होता. त्या दिवशी कामगारांनी कडा फोडायला सुरुंग लावले होते. भोंगा वाजला असेल, पण बायांच्या गप्पांत कुणी ऐकला नाही. असा आवाज झाला की बीबीच्या हातातली परात उडाली. बाया किंचाळल्या. खालचं कुत्रं खुंटा उपटून पळालं, शेजारची दोन पोरं आयांच्या पदरात शिरली, आणि सबोहतच्या हातातल्या बाटलीतले थेंब तिच्याच झग्यावर सांडले.

परवोना दचकली नाही. क्षणभरानं तिनं हातातली बी खाली ठेवली, दोन्ही तळवे धाब्यावर टेकवले आणि जमिनीत काहीतरी गंमत चालली असावी तशी खाली बघत राहिली. मग वर बघितलं. सगळ्यांचे चेहरे पाहून तिचं हसू मावळलं आणि मग, सगळ्यात शेवटी, ती रडायला लागली.

 बाया सुरुंगवाल्यांना शिव्या देत होत्या, बीबी परात शोधत होती. कुणाचंच लक्ष नव्हतं. सबोहतनं पिशवीतून पेला आणि चमचा काढला. मेहरंगेजनं मुलीला मांडीवर घेऊन शांत केल्यावर ती मागे जाऊन उभी राहिली आणि चमचा वाजवला. हलकेच, मग जोरात, मग दणदण. पलीकडच्या धाब्यावरच्या बायांनी माना वळवल्या. परवोना आईच्या ओढणीचा गोंडा चोखत राहिली.

मेहरंगेजनं मात्र वळून सबोहतकडे पाहिलं. सबोहतनं पेला आणि चमचा पिशवीत ठेवले. 

राजधानीला, दुशान्बेला, कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. बीबी दोन दिवस भांडत होती. "बहिरी कशी असेल? हट्टी आहे, बापावर गेलीय. त्यालाही मी शंभर हाका मारते तेव्हा एक ऐकतो." तिसऱ्या दिवशी तिनंच प्रवासाची शिदोरी बांधली. सबोहतनं बरोबर जावं असं मेहरंगेजला वाटत होतं.

"माझ्या लशी यायच्यात या आठवड्यात," सबोहत म्हणाली. लशी पुढच्या आठवड्यात यायच्या होत्या.

गाडी सुटायच्या वेळी मेहरंगेजच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं कार्ड होतं. सबोहतला ते दिसलं. 'मेहरंगेज, त्यावरची एक खूण खरी नाही,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. गाडीवाला हाका मारत होता, बीबी खिडकीतून रोट्या आत ढकलत होती. सबोहत मुलीचा गाल कुरवाळून मागे सरली.

नऊ दिवसांनी त्या परतल्या. काय झालं ते सबोहतला तंदूरपाशी शेजारणीकडून कळलं. दोन्ही कान गेलेले. अगदी पूर्ण नाही, पण बोललेलं कळण्याजोगं काही उरलेलं नाही. यंत्रं लावायची, शिकवणी घ्यायची.

"आणि तुला सांगते, आईचंच काम!" शेजारीण आवाज खाली आणत म्हणाली. "डॉक्टरनं कार्ड बघितलं म्हणे. नवव्या महिन्यात पोर ऐकत होती, कार्डावर लिहिलंय. मग पुढं काय झालं, ताप आला का, सुया टोचल्या का, असं विचारलं. तर हिनं कबूल केलं. अकराव्या महिन्यात खोकला झाला तेव्हा सासूला न विचारता बाजारातल्या औषधवाल्याकडून पाच सुया टोचून आणल्या होत्या. त्या सुयांनी कान जातात म्हणे कधी कधी. आपल्या हातानं पोरीचे कान फोडले गं. कुमरी बीबी तिच्याशी धड बोलत नाही. फैजअली तर फोनच उचलत नाही."

ऐकताना सबोहतला सगळ्यात आधी जे वाटलं त्याची लाज तिला पुढे जन्मभर पुरली. तिला हायसं वाटलं. म्हणजे मुलगी नंतर बहिरी झाली. म्हणजे ती खूण खरीही असू शकेल. झोपलेल्या बाळाकडे बघून तिनं जे लिहिलं ते योगायोगानं बरोबरच असेल. रोटी घेऊन ती घरी निघाली तेव्हा पावलं हलकी पडत होती. दारापर्यंत पोचेपर्यंत मात्र ती रोटी हातात धरवेना.

'कुऱ्हाडीवर कुऱ्हाड, पापणीसुद्धा हलवली नाही.' हे नवव्या महिन्यातलं होतं. सुया नंतरच्या. तिनं ते आपल्या कानांनी ऐकलं होतं आणि हसली होती.

नवऱ्याला, नुरिद्दीनला, तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा. प्रश्न पुढ्यात आला की आधी उत्तर काढायचा.

"आता बोलून पोरीचे कान परत येणार आहेत?"

"नाही."

"मग? पेन्शनला पाच वर्षं राहिलीत. एकवीस वर्षांत एक चूक. आणि चूक तरी कुठं सिद्ध झालीय? सुयांनीच झालं असेल. तुला काय ठाऊक?"

"मला ठाऊक नाही, हेच तर आहे. मी बघितलंच नव्हतं."

"मग गप्प बस," नुरिद्दीन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. तिला कुणी बोल लावू नये एवढंच त्याला हवं होतं.

सबोहत पंधरा दिवस गप्प बसली. ते पंधरा दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. बाळांना झोळीत घातलं की वजन तीन-तीनदा वाचायची. बाया म्हणायच्या, अपा, बरं नाही का? ती कुमरी बीबीच्या गल्लीतून जाणं टाळायची आणि नदीकडून मोठा वळसा घालायची. दवाखान्याच्या वहीतलं ते पान तिनं कितीदा उघडलं असेल. निळ्या शाईची बारीक खूण होती, इतर शेकडो खुणांसारखीच. एकदा तिनं ब्लेडसुद्धा हातात घेतलं. पण खोडून काय करणार? आईजवळच्या कार्डावर ती तशीच होती, आणि तिच्यावर तर सगळं उभं होतं. आणि समजा खोडता आली असती, तरी मेहरंगेजवरचा डाग कुठं जाणार होता? ब्लेड तिनं परत खणात टाकलं.

सोळाव्या दिवशी मेहरंगेजच दवाखान्यात आली. बाहेरच्या बाकावर कुणी नाही असं बघून आत आली आणि दाराशीच उभी राहिली. केवढी वाळली होती पोर! परवोनाला तिनं कडेवर घेतलं होतं.

"अपा, तुम्ही शिकलेल्या आहात. मला एक सांगा. मांडीत दिलेली सुई कानापर्यंत कशी जाते?"

सबोहतनं पुढ्यातली वही मिटली.

"दुखलं असेल का तिला, कान जाताना?" मेहरंगेज म्हणाली. "लगेच जातात का हळूहळू? मी आठवून बघते, पहिल्या सुईनंतर तिनं माझ्याकडे बघितलं होतं का, दुसरीनंतर बघितलं होतं का. मला आठवतच नाही. तिसऱ्या सुईला ती फार रडली. पाय झाडत होती. औषधवाला म्हणाला, घट्ट धरा. मी धरले, अपा. मी दोन्ही हातांनी घट्ट धरले तिचे पाय."

हे ती रडून सांगत नव्हती. साक्ष द्यावी तसं सांगत होती. परवोना टेबलावरच्या काट्याचा टांगायचा लोखंडी आकडा बोटानं फिरवत होती, त्याच्या लुकलुकण्याकडे टक लावून बघत.

सबोहत उठली. वही काखेत मारली, दवाखान्याला कुलूप घातलं. "चल. घरी चल."

"कशाला? बीबी आहे घरी."

"म्हणूनच."

 सबोहतला एक कळून चुकलं होतं. हे मेहरंगेजला एकटीला सांगितलं तर ते पुन्हा दोघींत दडून राहील आणि पोर बाहेर तोंड दाखवू शकणार नाही. जिथं बोल लागला तिथंच बोलायला हवं.

कुमरी बीबी ओसरीवर माळ ओढत बसली होती. सुनेला पाहताच तिनं तोंड फिरवलं. "आल्या बाईसाहेब. आता हमशीराला घेऊन आल्या, साक्षीला. पाच सुया टोचताना नाही आठवली हमशीरा."

"बीबी," सबोहत उभ्या उभ्याच म्हणाली, "नवव्या महिन्यात मी हिचे कान तपासले नाहीत."

"म्हणजे?"

"ती पाळण्यात झोपली होती. माझ्या घरी पाहुणे यायचे होते. मी वजन घेतलं नाही, बसवून बघितलं नाही, पेला वाजवला नाही. इथं, या खांबाशी उभं राहून खुणा केल्या आणि गेले. डॉक्टरनं जे वाचलं ते खोटं आहे. ती तेव्हा ऐकत होती असं कुणीही सांगू शकत नाही. आणि तुम्ही त्या दिवशी मला जे सांगितलंत त्यावरून तर ती ऐकत नव्हती."

"मी काय सांगितलं?" बीबीनं विचारलं. आणि विचारता विचारताच तिला आठवलं. माळ हातातच थांबली. म्हातारीचे ओठ हलले. "लाकडं..." ती म्हणाली. "दिवसभर लाकडं फोडत होते."

"हो."

"मी तर कौतुक म्हणून सांगितलं गं."

"तुम्ही कौतुक म्हणून सांगितलंत. समजायला मला हवं होतं. माझं ते कामच होतं. मी हसले."

बीबीनं माळ खाली ठेवली. मग तिचा राग उसळला आणि वळायचा तिकडं वळला. "एकवीस वर्षं! या घरात तू बहीण म्हणून शिरलीस, माझी तीन बाळंतपणं झालेल्या खाटेवर तुला बसवलं, आणि तू... एक पेला वाजवायला तुझे हात मोडले होते? पंधरा दिवस मी या पोरीला नाही नाही ते बोलले. आणि तू गावात फिरत होतीस, तोंड वर करून?"

"तोंड वर करून नाही, बीबी."

"गप्प बस!"

मेहरंगेज इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिनं परवोनाला खाली उतरवलं, झग्याच्या खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि सबोहतसमोर धरला.

"त्याला सांगा."

घंटी वाजत राहिली. तो उचलत नव्हता. मेहरंगेजनं पुन्हा लावला, पुन्हा. चौथ्या वेळी बीबीनं तो फोन बाजूला सारून आपल्या फोनवरून लावला. तेव्हा त्यानं उचलला. मागे यंत्रांची घरघर, कुणीतरी वीट मागत होतं.

"काय झालं, आई? कामावर आहे मी."

सबोहतनं तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्या घरघरीत त्याला ऐकू जाईना, म्हणून ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या धाब्यावर दोन डोकी वर आली. तिनं आवाज कमी केला नाही.

 मग फैजअली म्हणाला, "म्हणजे सुयांनी नाही झालं?"

"सुयांनी झालं की नाही ते डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगते की तुझ्या बायकोवर जो आळ आला तो माझ्या खोट्या खुणेमुळे आला. आणि आणखी एक. चौदाव्या महिन्यात ती मला विचारायला आली होती. हाक मारली तर पोर बघत नाही म्हणाली. मीच तिला उडवून लावलं. तिनं तेव्हाच ओळखलं होतं."

"तिला फोन दे," फैजअली म्हणाला.

मेहरंगेज फोन घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. ती सबोहतसमोर उभी राहिली.

"तेव्हाच कळलं असतं तर?" तिनं विचारलं. "खरं सांगा. डॉक्टर म्हणत होती, पहिल्या दोन वर्षांत मूल जे ऐकतं त्यावर त्याचं बोलणं उभं राहतं. तेव्हाच यंत्र लागलं असतं तर आत्ता बोलली असती?"

काहीतरी मऊ सांगावं असं सबोहतला फार वाटलं. वेळ मारून न्यायची तिला सवय होती, शब्द तोंडात तयार असायचे.

"थोडंफार बोलली असती," ती म्हणाली. "हो."

मेहरंगेजनं अंगणाचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. सबोहत बाहेर पडली. त्या घरातून चहाचा आग्रह न होता ती पहिल्यांदाच निघाली होती.

त्याच दिवशी तिनं दुशान्बेच्या डॉक्टरला पत्र लिहिलं, खाली सही केली, आणि नक्कल तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरणीला दिली. डॉक्टरणीनं ती दोनदा वाचली. "तुझी वही मी सगळ्यांना दाखवत होते," एवढंच म्हणाली. सबोहतला सहा महिने घरोघरच्या कामावरून काढून औषधांच्या खोलीत बसवलं. तिच्या जागी तालुक्याहून एक नवी मुलगी आली. गावात जे बोललं जायचं ते बोललं गेलं. काही बाया तिला पाहून रस्ता बदलायच्या. नुरिद्दीननं आठवडाभर अबोला धरला, मग एक दिवस काही न बोलता तिच्यापुढे चहाचा पियाला ठेवला.

औषधांच्या खोलीतलं काम संपलं की ती रोज दुपारी पेला-चमचा घेऊन निघायची. तो अधिकार आता तिचा नव्हता, म्हणून नव्या मुलीची परवानगी घेऊन जायची. वहीतल्या सगळ्या मुलांना तिनं पुन्हा तपासलं. दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं, तर त्या घरी ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली. सगळ्या मुलांनी मान वळवली. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की इतकी वर्षं जे तिच्या हातून निभावलं त्यात तिच्या कामाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे आता कधीच कळणार नाही.

दुशान्बेच्या डॉक्टरचं उत्तर आलं. नव्या माहितीवरून दोष जन्मापासूनचा असावा असं तिचं मत होतं. सुयांचा संबंध असण्याची शक्यता फार कमी. बीबीनं ते पत्र तंदूरपाशी सगळ्या बायांसमोर शाळेतल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घेतलं, दोनदा. परवोनाला दोन्ही कानांना यंत्रं बसली. मेहरंगेज तिला घेऊन दुशान्बेत मावशीकडे राहिली, रोज शिकवणीला नेऊ लागली. पहिला महिना मुलगी यंत्रं ओढून फेकायची. मग ठेवू लागली. चार महिन्यांनी पाण्यासाठी एक आवाज काढू लागली, जो फक्त आईला समजायचा.

सबोहतला तिचं काम परत मिळालं तेव्हा मार्च होता. त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिलच्या सुमारास, मेहरंगेज दवाखान्यात आली. फैजअली हिवाळ्यात घरी येऊन गेला होता, आणि तिला तिसरा महिना होता. परवोना बरोबर होती. चार वर्षांची, कानांमागे दोन पिवळसर यंत्रं. सबोहतकडे बोट दाखवून तिनं आईला मोठ्यानं काहीतरी विचारलं. अर्धे सूर गिळलेले, पण प्रश्न होता हे नक्की.

"कोण आहे विचारते," मेहरंगेज म्हणाली. मुलीकडे वळून, तोंड तिला दिसेल असं ठेवून, सावकाश म्हणाली, "हमशीरा."

"हशी-या," परवोना म्हणाली आणि खिडकीकडे गेली.

सबोहतनं खुर्ची पुढे केली. मेहरंगेज बसली नाही.

"ती नवी मुलगी आहे ना, वरच्या पाड्याला जाते ती? मी आधी तिच्याकडे जाणार होते."

"तिच्याकडे जा. चांगली आहे ती."

"चांगली आहे. पण घाईत असते." मेहरंगेजनं खिडकीपाशी गेलेल्या परवोनाकडे पाहिलं. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही, अपा. बीबीनं केलंय, ती म्हातारी झाली. मी नाही केलं. शिकवणीत हिच्याएवढी मुलं गाणी म्हणतात तेव्हा मला तुमचीच आठवण येते."

"हं."

"पण हे बाळ तुम्ही बघा. जन्मल्यापासून. इतर कुणी विसरेल, तुम्ही विसरणार नाही."

 सबोहतनं कपाट उघडलं, नवं कार्ड काढलं, त्यावर मेहरंगेजचं नाव लिहिलं. मग रक्तदाबाचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि पट्टा सोडवू लागली. मेहरंगेज अजून उभीच होती. थोड्या वेळानं ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि तिनं बाही वर केली.